उजवा हात मोडलाय, बाळाचं दुपटं डाव्या हातानं पुरं करायचंय. कुणी असं शिकलंय का?

पायथ्याशी, सातारा

नमस्कार. मी साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला राहते, वय ५२. गेली २६ वर्षं घरीच फॉल-पिको, ब्लाउजची हातशिलाई, हुक आणि काज करते. मशीन आहे, पण माझं खरं काम हातसुईचंच. साडीचा फॉल मी हातानं असा लावते की सुलट बाजूनं टाका शोधून सापडत नाही. एवढं मी अभिमानानं सांगू शकते.

नागपंचमीला आमच्याकडं सुई, कात्री, विळी काही धरत नाहीत. म्हणून आदल्या दिवशीच राहिलेल्या ४ साड्या उरकायच्या होत्या. फॉल आटू नयेत म्हणून आधी भिजवून परसात वाळत घातले होते. पावसाची सर आली म्हणून ते काढायला धावले. फरशीवर शेवाळ धरलेलं, पाय सटकला आणि उजवा तळहात टेकून पडले. मनगटाजवळचं हाड मोडलं. दोन तारा घातल्या, प्लास्टर ६ आठवडे होतं. सणासाठी एक दिवस ठेवायची म्हणून जी सुई ठेवली, ती उजव्या हातात अजून परत आलेली नाही.

प्लास्टर निघून ३ आठवडे झाले. मूठ अर्धीच मिटते. अंगठा आणि त्याशेजारचं बोट एकमेकांना टेकतात, पण त्यांच्यात सुई राहत नाही. धरली असं वाटतं आणि खाली बघावं तर ती मांडीवर पडलेली. डॉक्टर म्हणाले, बारीक पकड यायला काही महिने जातील, व्यायाम सोडू नका. व्यायाम मी सोडलेला नाही.

साड्यांची कामं सध्या गल्लीतल्या दुसऱ्या एका ताईंकडं पाठवते. त्याचं दुःख आहे, पण ते निभेल. माझा जीव अडकलाय तो दुपट्यात. लेकीचं पहिलं बाळंतपण आहे, संक्रांतीच्या आसपासची तारीख दिलीय. माझी आई गेली त्याला ४ वर्षं झाली. तिची दोन इरकली लुगडी मी जपून ठेवली होती, धुऊन धुऊन लोण्यासारखी मऊ झालेली. ज्येष्ठात ती फाडून दुपटं घातलं. आत ४ पदर, लांबी एक मीटर, रुंदी पाऊण मीटर. एका कडेपासून धावदोऱ्याच्या १४ ओळी झाल्या आणि मी पडले. मशीनवर अर्ध्या तासात होईल हे मला कळतं. पण आईनं माझ्या लेकीचं दुपटं हातानं शिवलं होतं. लेकीच्या बाळाचं मी मशीनवर मारून टाकावं असं मन घेत नाही.

म्हणून डाव्या हातानं बसले. सुईत दोरा ओवायलाच २० मिनिटं गेली. टाका घातला तर एक तांदळाएवढा, पुढचा शेंगदाण्याएवढा. ओळ नागमोडी जाते, दोऱ्याला पीळ पडून गाठी बसतात. कात्री डाव्या हातात घेतली तर कापड कापण्याऐवजी मधेच दुमडतं. रात्री डावा खांदा असा भरून येतो की कुशीवर झोपता येत नाही. ४ ओळी घातल्या, चारही उसवल्या. आईच्या लुगड्याला उगीच भोकं पडली याचं फार वाईट वाटलं.

आणखी एक गोष्ट लिहू का नको असं झालं होतं, पण लिहिते. सासूबाई ७९ वर्षांच्या आहेत. प्रेमळ आहेत, माझ्या प्लास्टरच्या दिवसांत वेणीसुद्धा त्यांनीच घातली. पण त्या म्हणाल्या, "बाळाच्या अंगाखाली जायचं कापड डाव्या हातानं शिवू नये गं." त्यांना मी उलट बोलले नाही. तेव्हापासून सुई उचलली की ते वाक्य आधी आठवतं.

कुणी मोठेपणी डाव्या हातानं शिवायला शिकलंय का? सुरुवात कुठून करायची? आणि जुन्या १४ ओळींशेजारी नव्या ओळी वेगळ्या दिसू नयेत यासाठी काही करता येतं का?

कोरेगावची वहिनी

ताई, तुमचं वाचून गलबलून आलं. मला शिवणातलं फार कळत नाही, पण माझा एक हात दोन महिने गळ्यात होता तेव्हा सुई ओवायला एक युक्ती सापडली होती, ती सांगते. अंगाच्या साबणाची वडी ताटलीत ठेवायची आणि सुई तिच्यात उभी रोवायची, नेढं वर. मग एका हातानं दोरा ओवता येतो. दोऱ्याचं टोक आधी तिरपं कापून साबणावरून ओढलं की ते ताठ राहतं. साबण लागलेली सुई कापडातून सरकतेही छान. बाजारात पातळ तारेची ओवणी मिळते, पत्र्याच्या चकतीला चौकोनी तार असते ती. ती घ्या, फार पैसे पडत नाहीत.

सासूबाईंच्या बोलण्याचं मी काय सांगू? मला वाटतं त्यांना काळजी आहे, दुसरं काही नाही.

डावरा शिंपी, सांगली

ताई, मी जन्माचा डावरा. गणपती पेठेच्या अंगाला आमचं शिलाईचं दुकान होतं, आता मी घरूनच काम करतो. वय ६१. तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि सकाळी हातातलं शिवण बाजूला ठेवून लिहायला बसलोय, कारण ही वाट मी लहानपणी चाललोय आणि तिच्यात कुठं ठेचा लागतात ते मला माहीत आहे.

पहिलं सांगतो ते नीट ऐका. तुमचा डावा हात अडाणी नाही. २६ वर्षं उजव्या हातानं सुई चालवली, तेव्हा डावा काय करत होता? कापड ताणत होता, सैल सोडत होता, चुणी सारखी करत होता, सुईचं टोक खालून बोटाला लागलं की टाका केवढा आला ते ओळखत होता. फॉलचा टाका सुलट बाजूला दिसू नये याची अर्धी राखण त्यानंच केली. त्याला टाका खालून माहीत आहे, आता वरून शिकवायचा आहे. कोऱ्या हाताला शिकवणं आणि जाणत्या हाताला दुसरं काम देणं यात फार फरक आहे.

अडचण खरी अशी आहे की तुम्ही दोन्ही हातांची कामं एकदम बदलली. सुई डाव्याला दिली आणि कापड दुखऱ्या उजव्याला. तो बिचारा अजून कापड धरत नाही, म्हणून टाके लहानमोठे येतात. टाक्याचा सारखेपणा सुईच्या हातात कमी आणि कापडाच्या हातात जास्त असतो. तेव्हा कापड आधी बांधून घ्या. दुपट्याची एक कड पाटावर पसरा, तिच्यावर वरवंटा ठेवा, दुसरी कड मांडीवर येऊ द्या. कापड ताणलेलं राहिलं की डाव्याला फक्त सुई बघायची. उजव्याला नुसतं वर टेकवून ठेवा, जमेल तेवढं.

दुसरं, दिशा. तुम्ही उजवीकडून डावीकडं शिवत आलात. डाव्या हातानं डावीकडून उजवीकडं जायचं. डाव्या हातानं जुन्याच दिशेनं जायला गेलात तर प्रत्येक टाक्याला कोपर हवेत उचलावं लागतं. तुमचा खांदा भरून येतो त्याचं कारण बहुतेक हेच. धावदोऱ्याचं एक बरं आहे, तो कुठल्याही बाजूनं घातला तरी सारखाच दिसतो. त्याला तोंड नाही, शेपूट नाही. देठाच्या टाक्याचं तसं नसतं, त्याला तिरपेपणा असतो. पुढं कधी भरतकाम डाव्यानं केलंत तर लक्षात ठेवा: उजव्यानं शिवताना दोरा सुईच्या खालच्या बाजूला ठेवत असाल, तर डाव्यानं तो वरच्या बाजूला ठेवायचा. मग तिरपेपणा जुन्या कामासारखाच येतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एका गिऱ्हाईकाच्या पडद्यावर अर्धी वेल एकीकडं आणि अर्धी दुसरीकडं झुकली, तेव्हा समजलं.

तिसरं, शिकायचं कसं. माझे वडील उजवे. ते मला शेजारी बसवून शिकवायचे आणि मला काही केल्या जमायचं नाही. शाळेत डाव्या हातानं लिहितो म्हणून पट्ट्या खाल्ल्या होत्या, घरीही तेच होणार म्हणून मी घाबरून असायचो. एक दिवस त्यांनी मला उचललं आणि समोर बसवलं, गुडघ्याला गुडघा लावून. म्हणाले, "आता माझ्याकडं आरशासारखं बघ." त्यांचा उजवा हात माझ्या डाव्यासमोर आला. ते ज्या बाजूला सुई नेत त्याच बाजूला मी नेली. त्या दुपारी मला धावदोरा आला. तुम्हीही उजव्या हाताच्या कुणालातरी समोर बसवा. कुणी नसेल तर मोबाइलवरचा शिवणाचा व्हिडिओ आरशात दिसतो तसा, डावं-उजवं पालटून बघा, तेही चालतं.

कात्रीचं सांगतो. कात्रीची पाती उजव्या हाताच्या दाबानं एकमेकांना चिकटतील अशी बसवलेली असतात. डाव्या हातात तोच दाब त्यांना लांब करतो, म्हणून कापड मधे दुमडतं. तुमचा हात चुकत नाही. डाव्या हातात साधी कात्री धरली की अंगठा तळव्याकडं ओढायचा आणि बाकीची बोटं बाहेर ढकलायची. उलटं वाटेल, पण पाती मिळतात आणि कापड कापलं जातं. डावऱ्यांची वेगळी कात्रीही मिळते. माझ्याकडं एक आहे. २०१९ च्या पुरात दुकानात छातीएवढं पाणी आलं, दोन मशीन गेल्या, पण ती कात्री मी आधीच पिशवीत घालून घरी नेली होती. नुसता दोरा तोडायला मात्र कात्री हवीच असं नाही, चिमट्यासारखं दाबायचं छोटं कटर बरं पडतं.

दोरा कोपरापासून बोटांपर्यंत असेल तेवढाच घ्या. डाव्या चिमटीत सुई उलट्या बाजूला फिरते, त्यामुळं पीळ बसतो. ५-६ टाके झाले की सुई सोडून द्यायची, ती लोंबकळत गरगर फिरते आणि पीळ आपोआप निघतो. अंगुस्तान उजव्या बोटाचं असेल तर डाव्याला सैल होईल, आत चिकटपट्टीचा एक वेढा द्या. सुई एक-दोन नंबर जाड घ्या. नंबर जितका लहान तितकी सुई जाड, हे तुम्हाला माहीतच आहे.

लुगड्यावर लगेच जाऊ नका. आधी गोणपाट, दाभण आणि सुतळी. हसू नका, मीही तसाच शिकलोय. मोठी हालचाल आधी हातात बसते, बारीक मागून येते. ४ दिवस गोणपाट, ४ दिवस जुनी चादर, मग दुपटं. आणि जुन्या १४ ओळींना लागून नवी ओळ घालू नका, दुसऱ्या कडेपासून सुरू करा. दोन्ही हातांचे टाके मध्ये भेटतील.

पायथ्याशी, सातारा

दादा, तुमचं लिहिणं मी तीनदा वाचलं. "त्याला टाका खालून माहीत आहे" इथं थांबले आणि डावा हात समोर धरून बघत बसले. त्याच्या एका बोटाच्या टोकाला बारीक टोचून टोचून घट्टा पडलाय. इतकी वर्षं तो मी सुईचा त्रास म्हणून मोजला, काम म्हणून कधी मोजला नाही.

एक विचारायचं राहिलं. दोऱ्याला शेवटी गाठ कशी मारायची? एका हातानं होत नाही.

डावरा शिंपी, सांगली

गाठ मारूच नका. दोरा दुहेरी घेणार असाल तर मधोमध दुमडा आणि दोन्ही सुटी टोकं एकत्र नेढ्यातून घाला. म्हणजे दुसऱ्या टोकाला फासा राहतो. पहिला टाका घेतला की सुई त्या फाशातून काढून ओढायची. दोरा बसतो, गाठही नाही. बाळाला गाठ टोचायचा प्रश्न मिटला.

मिरजेची फिजिओ

मी मिरजेत फिजिओथेरपीचं काम करते. ताई, तुमचं एक्स-रे, अहवाल काही मी पाहिलेलं नाही, तेव्हा तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं आधी, माझं नंतर.

हात टेकून पडल्यावर मनगटाजवळचं हाड मोडणं इतकं नेहमीचं आहे की त्यातल्या एका प्रकाराला आयर्लंडचे सर्जन अब्राहम कॉलिस यांचं नाव आहे. त्यांनी त्याचं वर्णन १८१४ मध्ये केलं, एक्स-रेचा शोध लागायच्या ८१ वर्षं आधी. हाड ६ आठवड्यांत धरतं, पण सांधे, स्नायू आणि पकड यांना वेळ लागतो. ६ महिन्यांपर्यंत सुधारणा दिसत राहणं अगदी नेहमीचं, काहींना वर्षही लागतं. प्लास्टर निघून ३ आठवड्यांत सुई निसटते याचा अर्थ हात गेला असा मुळीच घेऊ नका.

उजव्यासाठी घरातल्याच गोष्टी वापरा. कोमट पाण्यात हात १० मिनिटं ठेवून मग व्यायाम. दवाखान्यात आम्ही एक मऊ लगदा दाबायला देतो, त्याऐवजी कणकेचा गोळा चालतो: मुठीत दाबायचा, मग अंगठा आणि एकेका बोटानं चिमटायचा. नंतर कपड्यांचे चिमटे दोरीला लावायचे आणि काढायचे. मूग आणि शेंगदाणे एकत्र करून निवडायचे. शिंपीदादांनी उजव्याला कापडावर टेकवून ठेवायला सांगितलंय ते मला फार पटलं. नुसता गळ्यात अडकवून ठेवलेला हात मागं पडतो. डॉक्टरांची हरकत नसेल तर कापड धरणं हा त्याचा चांगला, हलका व्यायाम आहे.

डाव्याचीही काळजी घ्या. एकाच वेळी सगळं काम त्याच्यावर आलंय. १५ मिनिटं शिवण, मग ५ मिनिटं हात खाली सोडून मोकळा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला दुखायला लागलं तर दोन दिवस सुई बंद. ते दुखणं रेटत नेलं की महिनोन्महिने जात नाही.

एका हातानं शिकलेलं कौशल्य थोडं दुसऱ्या हातात उतरतं. हे १८९४ मध्येच अमेरिकेत येल विद्यापीठात प्रयोग करून पाहिलेलं आहे. म्हणजे दादांचा अनुभव आणि विज्ञान एकाच बाजूला आहेत.

आणि या गोष्टी दिसल्या तर वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडं जा: हाताला आग होऊन न सोसणारं दुखणं, सूज आणि चकाकणारी त्वचा, रंग बदलणं किंवा एकदम घाम सुटणं. तसंच, तळहात टेबलावर पालथा ठेवून अंगठा वर उचलता येत होता आणि एके दिवशी अचानक उचलेनासा झाला तर. हाड जुळल्यावरही अंगठा उचलणारी कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, तुटू शकते. घाबरवण्यासाठी सांगत नाही. लोक "मोडलेला हात आहे, दुखणारच" म्हणून अंगावर काढतात आणि मग आम्हाला हळहळ वाटते.

वाळव्याची आक्का

माझी नात मला वाचून दाखवते आणि मी सांगते ते लिहिते. मी आयुष्यभर वाकळा शिवल्या, लोकांच्या आणि घरच्या. शिंपीदादा, तुमचं सगळं पटलं, एक सोडून. दोन्ही कडांकडून शिवत मध्ये यायचं नाही. आतले पदर सरकतात आणि मध्ये कापडाचा फुगा येतो. तो मग कशानं बसत नाही. अंगातल्या कपड्याला चालत असंल, वाकळंला नाही चालत.

पोरी, तू असं कर. दुपटं जमिनीवर पसर. चारी कोपऱ्यांवर वजन ठेव. मोकळा भाग मधनं बाहेर हातानं सारवल्यासारखा सपाट कर आणि त्याला आधी कच्चे टाके घाल, चांगले वीतवीतभर, आडवे आणि उभे. ते डाव्यानं वेडेवाकडे आले तरी चालतात, शेवटी काढूनच टाकायचे असतात. तुझ्या हाताला तेवढाच सराव. पदर एकदा धरले की मग कुठनंबी शिव, फुगा येणार नाही. मोकळ्या भागाच्या मधोमध एक ओळ घाल आणि तिथनं एक ओळ इकडं, एक ओळ तिकडं अशी जा.

ओळ वाकडी जाती म्हणतीस. इरकल लुगडं आहे ना? त्याला चौकडा असंल. चौकड्याची रेघ म्हणजे रेघी वही. तिच्यावरनं सुई ने. एका चौकटीत टाके किती बसतात ते तुझ्या १४ ओळींत मोज आणि डाव्यानं तेवढेच बसव. टाक्याकडं बघू नको, चौकटीकडं बघ. चौकडा नसलेल्या जागी नखानं रेघ ओढून कापड दाब.

डाव्या हाताचं सांगते. माझी थोरली जाऊ डावरी होती. आमच्या घरातल्या ९ पोरांना तिच्या हातची दुपटी होती. आणि सुई कुठल्याबी हातात असू दे, कापड दोन्ही हातांत असतं. तुझ्या सासूला हे सांगू नको, तिला ते शिवताना दिसू दे. म्हातारं माणूस ऐकून बदलत नाही, बघून बदलतं. मीबी तशीच आहे.

पायथ्याशी, सातारा (पावणेदोन महिन्यांनी)

सगळ्यांना नमस्कार. उशीर झाला, पण हात रिकामा नव्हता.

गोणपाटावर ४ म्हणता ९ दिवस लागले. जुन्या चादरीवर ६. दिवाळीत बाकी काही केलं नाही, फराळसुद्धा जावेनं केला. आक्का, तुम्ही सांगितल्याप्रमाणं कच्चे टाके घातले आणि मग मधल्या ओळीपासून सुरू केलं. जुन्या ओळींत एका चौकटीत ३ टाके बसत होते. डाव्यानं आधी २ च बसायचे, मग कधी ३, कधी ४. साधारण आठव्या ओळीपासून ३ यायला लागले. पहिल्या ओळी उसवून परत घालाव्यात असं सारखं वाटलं. लेकीनं फोनवर सांगितलं, "आई, त्यांना हात लावायचा नाही." मग नाही लावला.

एक गोष्ट तुमच्यापैकी कुणी लिहिली नव्हती, ती मला दहाव्या दिवशी कळली. माझी बसायची जागा २६ वर्षं एकच, खिडकी डाव्या बाजूला. उजव्या हातानं शिवताना उजेड कापडावर यायचा. आता सुई डाव्या हातात, तर हाताची सावली बरोबर टाक्यावर पडत होती आणि मी डोळ्यांना दोष देत होते. पाट फिरवून खिडकी उजवीकडं घेतली. त्या दिवशी ओळ पहिल्यांदा सरळ गेली. समोर आता किल्ल्याऐवजी स्वयंपाकघराचं दार दिसतं, एवढंच.

त्या दारातूनच सासूबाई बघत असायच्या. मी काही बोलले नाही. एक दिवस मला दोरा फाशातून काढायला जमेना, तेव्हा त्या आल्या आणि समोर बसल्या. म्हणाल्या, "आण इकडं, मी दाखवते कसं ओढायचं." त्यांना काही सांगायची गरज पडली नाही, त्या समोरच बसल्या होत्या, गुडघ्याला गुडघा लावून, उजव्या हातात सुई. दादा, तुमच्या वडिलांचं ते आरशाचं वाक्य मला तेव्हा खरं समजलं. आता रोज दुपारी चहानंतर त्या समोर बसतात. त्यांच्यासाठी चादरीचा वेगळा तुकडा दिलाय. त्या एक टाका घेतात, मी एक घेते. डाव्या हाताबद्दल त्या पुन्हा बोलल्या नाहीत. परवा शेजारच्या काकू आल्या तर त्यांना दुपटं दाखवून म्हणाल्या, "ह्या इकडच्या ओळी उजव्याच्या, ह्या डाव्याच्या, सांग बरं फरक." काकूंना सांगता आला, कारण फरक आहेच. पण सासूबाईंनी तो कौतुकानं दाखवला.

उजवा हात आता कापड नीट धरतो. कणकेचा गोळा रोज दाबते, चिमटे लावते. सुई परवा १० मिनिटं त्याच्यात राहिली. डॉक्टर खूश आहेत. अंगठा उचलून बघायचं रोज न चुकता करते.

लेक गेल्या गुरुवारी माहेरी आली. सगळ्या ओळी झाल्यात, कच्चे टाके तिनंच बसून काढले. आता फक्त चारी बाजूंची कड राहिलीय. मनात काजटाका घालायचा आहे, पिवळ्या दोऱ्यानं. पण डाव्यानं तो कुठल्या बाजूनं चालतो ते कळेना आणि कोपऱ्यावर वळताना दोरा सैल पडतो. काजटाका घालू की साधी हेम करून मोकळी होऊ?

डावरा शिंपी, सांगली

काजटाकाच घाला. उजव्यानं तो डावीकडून उजवीकडं चालतो, तुम्ही उजवीकडून डावीकडं चला. कड तुमच्याकडं ठेवायची, सुई आतून कडेकडं आणायची आणि दोरा सुईखाली धरायचा. कोपऱ्यावर एकाच भोकातून ३ टाके घ्या: एक अलीकडच्या बाजूला, एक बरोबर टोकावर, एक पलीकडं. टोकावरचा टाका ओढताना अंगठ्यानं दाबून धरा, म्हणजे सैल पडणार नाही. तो अंगठा उजव्या हाताचा असू द्या.